बाहेरची रेघ

आत्याच्या ओठांत टाचण्या असताना तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून दोनच शब्द बोलते आणि ते शेवटचे असतात. चाळीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवते आहे. आसपासच्या चार गल्ल्या तिला टेलरबाई म्हणून ओळखतात. दारात कुणी उभं राहिलं की ती आधी त्याचे खांदे बघते, मग चेहरा. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाची कंबर गेल्या वर्षापेक्षा दीड इंच वाढली आहे, हे तिला टेप न लावता कळतं आणि ती ते चारचौघांत सांगते. तरीही लोक तिच्याकडेच येतात, कारण तिने शिवलेला कपडा अंगावर चढला की माणूस जरा सरळ उभा राहतो.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पाणीखात्यात मीटर वाचायचे. पस्तीस वर्षं ते घरोघरी पायी फिरले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पण कुणाचं फाटक कुरकुरतं, कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुणाचा खरोखर चावतो, हे त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. हाताला हळूहळू थोडी ताकद आली. जीभ तर पहिल्याच महिन्यात पूर्वीसारखी चालायला लागली. पाय मात्र परत आला नाही, म्हणून चाकांची खुर्ची आली.

खुर्ची आल्यावर कळलं की घरच अडचणीचं आहे. पुढच्या खोलीत आत्याचं काम चालायचं: रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल, फळीवर तयार कपड्यांची पुडकी. मागच्या खोलीत आतोबांचा पलंग. दोन्ही खोल्यांच्या मधे चौदा इंच जाडीची अखंड भिंत. इकडून तिकडे जायचं तर बाजूच्या बोळातून, स्वयंपाकघराला वळसा घालून. त्या वळणावर खुर्ची हमखास अडकायची. मागे घ्या, तिरकी करा, चाक उचला. शेवटी आतोबाच म्हणायचे, "राहू दे गं. बाहेर काय माझ्यासाठी हार घेऊन उभे आहेत?"

मग ते पडले. शाळा सुरू व्हायला आठवडा होता आणि आत्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात बुडाली होती. दुपारी मशीन एकसारखं चालू होतं. आतोबा पलंगावरून खुर्चीत बसायला गेले, खुर्ची सरकली आणि ते दोन्हींच्या मधे जमिनीवर आले. अर्धा तास त्यांनी हाका मारल्या. मशीनचा आवाज, त्यात चौदा इंचांची भिंत. दोरा तुटला म्हणून मशीन थांबलं, तेव्हा तिला ऐकू आलं. ती धावत आत गेली तर ते जमिनीवरून म्हणाले, "झालं का? की एखादी बाही राहिलीय अजून?"

हे आत्याने आम्हाला हसत हसत सांगितलं. पण त्या दिवसापासून घरात तिसरं माणूस नसलं की ती मशीनला हात लावेना. हाताने शिवायची. लांब लांब टिपासुद्धा हाताने, मान जराशी भिंतीकडे कललेली. उरलेल्या गणवेशांचा गठ्ठा तिने दुसऱ्या टेलरकडे पाठवून दिला. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

"हातशिलाईची शोभा वेगळी असते," ती म्हणायची.

"शोभा कसली!" आतोबा आतून ओरडायचे. "कान लावून बसलेली असते. मला खोकायची चोरी झालीय."

असं जवळजवळ वर्ष गेलं. दुपारची डुलकी गेली, बाजारात जाणं गेलं. आणि एका सकाळी मी गेले तेव्हा ती भिंतीसमोर उभी होती, नवीन गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.

"पाच फूट," ती म्हणाली. "हिला मधोमध पाच फूट उघडायची. मला ते दिसले पाहिजेत, आणि त्यांना रस्ता."

"भिंत आहे ती," आतून आवाज आला. "बाही नाही, उसवायला."

भिंत बघायला इंजिनिअरबाई आली. तिचे शाळेतले गणवेश आत्यानेच शिवलेले, त्यामुळे आत्या तिला अजून अगंतुगं करायची. ती खाली ठोकून आली, वर जाऊन ठोकून आली, आणि म्हणाली, "मावशी, ही नुसती आडोशाची भिंत नाही. वरच्या मजल्याची भिंत हिच्या डोक्यावर उभी आहे. स्लॅबही दोन्ही बाजूंनी हिच्यावरच टेकलाय."

"म्हणजे नाही म्हणतेस?"

"नाही म्हणत नाही. पण डोक्यावरचं ओझं आधी चौघांनी हातांवर घ्यायचं, मगच मधल्याला बाजूला काढायचं. आणि एक वीटसुद्धा माझ्या कागदाबाहेर काढायची नाही."

कागदावर तिने काढून दिलं. उघडायची जागा पाच फूट. तिच्यावर आडवे दोन लोखंडी गर्डर, प्रत्येकी साडेसहा फुटांचे, म्हणजे दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच भिंतीत टेकतील, खाली काँक्रीटचे ठोकळे घेऊन. तोडायच्या आधी भिंतीला वर आरपार भोकं पाडून त्यांत लोखंडी दांडे घालायचे आणि दांड्यांना दोन्हीकडून टेकू द्यायचे. स्लॅबला वेगळे टेकू. वरचं ओझं टेकूंवर आलं की मग खाली छिन्नी.

आता जाऊबाईंना विचारायचं होतं. वरच्या मजल्यावर आतोबांच्या थोरल्या भावाची बायको एकटी राहायची. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. दोघी जावांचं भांडण कधी झालं नव्हतं, पण सरळ बोलणंही फारसं झालं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी एकमेकींशी जिन्यातून टोमण्यांतच संसार केला.

"माझ्या पायाखालची भिंत काढणार," जाऊबाई म्हणाल्या, "आणि विचारायला आलीस, हेच नवल."

"नाही म्हणालात तर नाही काढणार."

जाऊबाई उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "भावजी पडले त्या दुपारी मी इथंच होते गं. मलाही नाही ऐकू आलं." आणि लगेच आवाज चढवून, "काढ. पण मी घर सोडून कुठं जाणार नाही. मागच्या खोलीत झोपेन. आणि काही वेडंवाकडं झालं तर आधी मला सांगायचं. शेजाऱ्यांकडून कळता कामा नये."

इंजिनिअरबाईने वरच्या भिंतीवर, एका जुन्या बारीक तड्यावर, काचेची अरुंद पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकणार. "रोज बघायची," ती म्हणाली. जाऊबाईंनी ते काम जणू नेमणूकपत्र मिळाल्यासारखं अंगावर घेतलं.

आतोबांना दोन गल्ल्या पलीकडे आमच्या घरी आणलं. आणि मिस्त्री आले. साठीचा शांत माणूस, बरोबर त्यांचा मेव्हणा. मेव्हण्याच्या हाताला जितकं काम तितकंच तोंडाला. मिस्त्रींनी इंजिनिअरबाईचा कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि खिळ्याला अडकवून टाकला.

"बाई, कागदाचं मला सांगू नका. भिंतीवर आखून द्या. भिंत मला वाचता येते."

आत्याने गळ्यातला टेप काढला, कापडावर आखायचा खडू घेतला. मिस्त्री बघत उभे राहिले. "आमचे वडील शिंपी," ते म्हणाले. "लहानपण सगळं टेबलाखाली चिंध्या गोळा करण्यात गेलं माझं."

"मग या धंद्यात कसे?"

"सुईत दोरा ओवता येईना. म्हटलं, वीट तरी दिसते."

आत्या हसली. आतोबा पडल्यापासून तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता तिने पाच फुटांच्या दोन उभ्या रेघा मारल्या, आणि प्रत्येक रेघेच्या बाहेर चार इंचांवर आणखी एक. मिस्त्रींनी मान डोलावली. मला ती आखणी छान वाटली. कोटाची पाठ आखावी तशी.

दोन दिवस टेकू लावण्यात गेले. पुढची खोली लोखंडी खांबांचं रान झाली. टेबल उलटं करून अंगणात गेलं, मशीनवर चादर पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी डाव्या बाजूने छिन्नी लावली. आधी गिलावा सुटला, मग विटा एकेक करून. हातोड्याचा आवाज मऊ होता, एखाद्याला झोपेतून हळू उठवावं तसा.

"दाजी," मेव्हणा घमेलं उचलत म्हणाला, "घर अंगावर आलं तर ताईला काय सांगू?"

"सांग, तुझा भाऊ वाचला. रडेल बिचारी."

दुपारपर्यंत डावी बाजू खालपासून वरपर्यंत मोकळी झाली. पलीकडून आतोबांच्या खोलीतला उजेड आला, धुळीतून तिरका. आत्या आतोबांना जेवायला घालायला आमच्याकडे गेली होती. मी घरी लक्ष ठेवायला थांबले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं होत होतं. पण बघणं आणि कळणं यात फरक असतो.

एकच्या सुमाराला ती रिकामा डबा घेऊन आली आणि उंबरठ्यातच थांबली.

"आतली रेघ कुठाय?"

कुणालाच प्रश्न कळला नाही.

"मिस्त्री, आतली रेघ कुठं गेली?"

"ती काय," मिस्त्री विटांच्या ढिगाकडे हात करून हसले. "कापलं ना बाहेरच्या रेघेवर. माया सोडून."

आत्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

कापडावर दोन रेघा असतात. आतली शिवायची, बाहेरची कापायची. मधली जागा म्हणजे माया. शिवणीच्या आत राहणारं कापड. चाळीस वर्षांत आत्याच्या हाताने एकटी रेघ कधी मारलीच नव्हती. तिच्या मनात होतं की विटा आतल्या रेघेवर तोडायच्या, आणि नंतर कडा नीट भरून घेता याव्यात म्हणून गिलावा तेवढा बाहेरच्या रेघेपर्यंत खरवडायचा. ते तिने बोलून दाखवलं नाही, कारण ते तिला उघड वाटलं. दुसरा कुणी गवंडी असता तर त्याने विचारलं असतं, बाई, या दोन-दोन रेघा कशाला? हा शिंप्याचा मुलगा होता. त्याला बाहेरच्या रेघेचा अर्थ लहानपणापासून माहीत होता.

आत्याने डबा खाली ठेवला. टेप लावला. पुन्हा लावला.

"चार इंच जास्त गेलं."

उजवीकडेही तसंच तोडलं असतं तर पाच फुटांचे पाच फूट आठ इंच झाले असते. गर्डर साडेसहा फुटांचाच. नऊ इंच टेकायचा तिथे पाच इंचच टेकला असता. वर जाऊबाईंचं घर.

"पाच इंच काय कमी आहेत?" मेव्हणा म्हणाला. "लोखंड आहे ते. कुठं पळून जातंय?"

मिस्त्रींनी हातातली छिन्नी जमिनीवर ठेवली. "नऊ म्हणजे नऊ," ते म्हणाले. "चुकलं माझं. भिंतीला शिलाई नसते, एवढं मला कळायला हवं होतं."

"रेघ मी मारली," आत्या म्हणाली.

"कापलं मी."

"पण मी बोलले नाही."

"मी विचारलं नाही."

"तुमचं आधी ठरू द्या," मेव्हणा म्हणाला, "तोवर मी अंगणात उभा राहतो." आणि तो खरंच गेला.

मी इंजिनिअरबाईला फोन लावला. ती दुसऱ्या कामावर होती. चारपर्यंत येते म्हणाली. तोवर हात लावायचा नाही, फक्त टेकूंच्या पाचरा घट्ट आहेत ना बघायच्या. मिस्त्रींनी एकेका पाचरेला हाताने हलवून बघितलं, मग सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

तीन तास. आत्या भिंतीसमोर विटांच्या ढिगावर बसून राहिली. तोडलेल्या जागेच्या वर भिंत दांड्यांवर तरंगत होती. खाली नुसती हवा. मी चहा केला, कुणी घेतला नाही. वर जाऊबाई चालत होत्या. एरवी त्यांची पावलं मला कधी ऐकू आली नव्हती. आता एकेक मोजता येत होतं.

"मी कापड वाया घालवलं नाही असं नाही," आत्या एकदम म्हणाली. "पुष्कळ घालवलंय. पण कापडाच्या वर कुणी राहत नसतं गं."

थोड्या वेळाने तिची मान हलली, डावीकडून उजवीकडे. उठली, फडकं ओलं केलं आणि उजवीकडच्या दोन्ही रेघा पुसून टाकल्या. टेप लावून, पुसलेल्या आतल्या रेघेच्याही चार इंच आत, तिने एक रेघ मारली. एकच.

"मिस्त्री, बघा. डावीकडे चार गेले ते गेले. उजवीकडचे चार ठेवायचे. पाच फूट ते पाचच फूट. सगळं मिळून डावीकडे सरकलं एवढंच."

मिस्त्रींनी साडेसहा फुटांची दोरी धरून बघितली. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. "बसतंय," ते हळूच म्हणाले. "पण मधोमध नाही येणार, बाई."

"नाही आलं तर नाही आलं. भिंतीला काय बटणं लावायचीत?"

इंजिनिअरबाई चारच्या आधीच आली. तिने आधी टेकू पाहिले, मग जिना चढून काच पाहून आली. काच शाबूत होती. डावीकडे कोपऱ्यापर्यंत किती भिंत उरते ते मोजलं, विटा ठोकून पाहिल्या, कागदावर काहीतरी आकडेमोड केली. तेवढ्या वेळात आत्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

"चालेल," ती शेवटी म्हणाली. "मी हेच सांगणार होते. डावीकडे ठोकळा नव्या जागी घाला, दोन टेकू वाढवा आणि काँक्रीट पक्कं होईपर्यंत आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. आणि मावशी?"

"काय?"

"यापुढे भिंतीवर मी आखणार."

मिस्त्री आणि आत्या दोघांनीही शाळेतल्या मुलांसारख्या माना हलवल्या.

"वरच्या बाईंना कशाला सांगताय?" निघताना मेव्हणा म्हणाला. "काच धड आहे. उगाच घाबरतील."

आत्याने तोंड धुतलं आणि ती जिना चढायला लागली. मी मागोमाग गेले. वर जाऊबाई भाजी निवडत होत्या. आत्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रेघेपासून ठोकळ्यापर्यंत, स्वतःची चूक कुठेही आखूड न करता.

"किती म्हणालीस?"

"चार इंच."

"चार इंचांसाठी एवढं तोंड पाडून आलीस? मला वाटलं, खाली निम्मं घर आलं." जाऊबाईंनी भाजी बाजूला सारली. "आता काय करायचं?"

"थांबायचं. आठ दिवस."

"थांबण्याने काय होतंय? हे बघ, हे लोखंडी कपाट बरोबर त्या भिंतीशी आहे. आत गाद्या आणि ह्यांची सगळी पुस्तकं. हलवलं तर खाली भार कमी होईल?"

"होईल थोडा."

"मग बोलव त्या दोघांना. वीस वर्षं म्हणतेय मी, कपाट हलवा. धाकटे, तू भिंत पाडल्याशिवाय काही ते हललं नसतं!"

मिस्त्री आणि मेव्हणा वर आले. कपाट मागच्या खोलीत गेलं. वाटेत पुस्तकांचा एक गठ्ठा मेव्हण्याच्या पायावर पडला. "शिकलेल्या घरात काम करायचं म्हणजे असं," तो म्हणाला, आणि जाऊबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

ते आठ दिवस आत्या स्वयंपाकघरात झोपली. झोपली म्हणजे आडवी झाली. सकाळ झाली की वरच्या खिडकीतून आवाज यायचा, "आहे गं, आहे!" म्हणजे काच आहे. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारी स्वतःबद्दल सांगतेय. आमच्या घरी आतोबा रोज विचारायचे, "आहे का?" आणि मी म्हणायचे, "आहे."

नवव्या दिवशी इंजिनिअरबाईने स्वतः आखलेल्या रेघेवर उजवी बाजू तोडली गेली. तिकडचाही ठोकळा भरला, तोही पक्का झाला, आणि मग सहा माणसांनी गर्डर खांद्यावर घेऊन वर चढवले. दोन्हीकडे नऊ-नऊ इंच, आत्याने स्टुलावर चढून मोजले. गर्डर आणि वरच्या विटा यांच्यामधली फट मिस्त्रींनी कोरड्या सिमेंटच्या मिश्रणाने ठासून ठासून भरली, आणि आणखी एक आठवडा थांबले.

टेकू काढायच्या दिवशी सगळे आले. इंजिनिअरबाई खाली, जाऊबाई वर काचेपाशी. ठरलं होतं की एका वेळी एकच पाचर सैल करायची, वरून आवाज आला की पुढची. मिस्त्रींनी पहिल्या पाचरेवर हातोडी मारली. लाकूड कुईं करून सरकलं. थोडी धूळ पडली.

"आहे गं!" वरून आवाज.

दुसरी. "आहे!" तिसरी, चौथी. आत्या दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती. एकेक टेकू भिंतीपासून सुटून माणसासारखा बाजूला होत होता. शेवटची पाचर सैल झाली आणि वरून काहीच आवाज आला नाही.

आम्ही सगळे वर बघत राहिलो. गर्डर होता तिथे होता. छत होतं तिथे होतं. पण वरून आवाज नाही.

"जाऊबाई!" आत्या ओरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अगं थांब की! चष्मा पुसत होते." थोडा वेळ गेला, एवढाच की सगळ्यांनी एकदा श्वास घ्यावा. "आहे! जशीच्या तशी आहे!"

आत्या आहे तिथे जमिनीवर बसली. सिमेंटच्या धुळीत, पाय पसरून. मिस्त्रीही समोर बसले. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, परीक्षेत एकमेकांचं पाहून लिहिलेल्या आणि तरी पास झालेल्या पोरांसारखे. इंजिनिअरबाईने भिंतीवर तळहात ठेवला, थोपटल्यासारखा, आणि मग चहा मागितला. त्या दिवशी चहा तीनदा झाला. जाऊबाई जिना उतरून आत्याच्या घरात आल्या. किती वर्षांनी, ते दोघींनीही काढलं नाही. त्यांनी मोकळ्या जागेत उभं राहून वर पाहिलं, आणि म्हणाल्या, "माझ्या खोलीत पण असं एक करता येईल का गं?"

"नाही!" सगळे एकदम म्हणाले.

गिलावा, रंग, फरशीचा जोड होईपर्यंत आणखी दहा दिवस गेले. मग आतोबांना घरी आणलं. त्यांनी खुर्ची स्वतःच्या उजव्या हाताने आणि उजव्या पायाने रेटत मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणली. चाकांना दोन्हीकडे हात-हात जागा. मधे थांबून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"मधोमध नाहीये हे," ते म्हणाले.

आत्या इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. त्यांना कारण सांगायलाच संध्याकाळ झाली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी दुपारी सहज गेले. लांबून मशीन ऐकू येत नव्हतं, म्हणून पावलं आपोआप उचलली गेली. दार उघडं होतं. आत्या कापायच्या टेबलावर डोकं टेकून झोपली होती. गाल अर्धवट कापलेल्या निळ्या कापडावर, एक हात लोंबता, तोंड किंचित उघडं. अगदी गाढ. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याच्यासमोर आतोबा, खुर्ची आडवी लावून.

"झोपल्यात त्या," ते दबक्या आवाजात सांगत होते.

"माझी पँट न्यायची होती. उठवता का जरा?"

"उठवणार नाही. वर्षभराची झोप आहे ती. पँट कुठली, तपकिरी?"

त्यांनी खुर्ची वळवली, टेबलाला वळसा घालून फळीपाशी गेले, पुडकी चाचपली, हवं ते मांडीवर घेतलं आणि परत दाराशी आले. चाकांचा आवाज येऊ नये म्हणून अगदी सावकाश.

"घाला आणि उद्या सांगा," ते म्हणाले. गिऱ्हाईक चपला हातात घेऊन पायऱ्या उतरलं.

मग त्यांनी मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने, त्या अजून नीट न उचलल्या जाणाऱ्या डाव्या हाताने, स्टूल दाखवलं. बस, पण ओढू नकोस, उचलून घे.